साहेब, यातलं गरजेचं कुठलं?

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माझ्या दुकानात मॅनिटॉलच्या बाटल्या जास्त खपतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब सरळ आहे. आमचं तालुक्याचं गाव महामार्गालगत. दिवाळी झाली की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधार पडल्यावर घरी निघालेला मोटरसायकलवाला त्यांच्यावर जाऊन आदळतो. माझं मेडिकल एका खासगी हॉस्पिटलच्या समोर आहे आणि मॅनिटॉल मेंदूची सूज उतरवण्यासाठी देतात.

एका हंगामात रात्री साडेअकराच्या सुमारास साठीचे एक गृहस्थ आले. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. मुलगा आत आयसीयूत. चिठ्ठीवर सहा औषधं होती. मॅनिटॉल, झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन, जखम उघडी होती म्हणून एक अँटिबायोटिक. त्याखाली सिटिकोलिन, एडाराव्होन आणि सेरेब्रोलायसिन. बिल साडेपाच हजारांच्या पुढे गेलं. त्यांनी पिशवीतून नोटा काढून मोजल्या, परत मोजल्या. चार हजारांवर काहीतरी भरले. मग चिठ्ठी काउंटरवर सरळ करून त्यांनी विचारलं, "साहेब, यातलं गरजेचं कुठलं?"

मी म्हणालो, "सगळंच गरजेचं आहे, काका. राहिलेले उद्या द्या."

हे खरं नव्हतं. वरची तीन गरजेची होती. खालच्या तिघांमुळे त्यांच्या मुलाला फायदा होईल असं म्हणायला पुरावा नव्हता, आणि बिलाचा मोठा भाग त्या तिघांचाच होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येईल, पण थोडंफार माहीत होतं. उरलेलं नंतर वाचून काढलं. या लेखात मी ज्या व्यवहाराविरुद्ध लिहितो आहे त्यावर माझंही पोट चालतं, हे आधीच सांगून टाकतो.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचा मेंदू वाचवणारं म्हणून जे औषध दिलं जातं, त्यातलं बहुतेक काही वाचवत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये ही औषधं एकामागून एक नापास झाली आहेत. तरी आपल्याकडे ती लिहिली जातात, विकली जातात आणि त्यांचे पैसे नातेवाईक भरतात. हे थांबवायला हवं. ते डॉक्टरांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडून भागणार नाही, सरकारला यात पडावं लागेल.

आधी कल्पना काय आहे ते पाहू, कारण कल्पना चुकीची नाही. डोक्यावर आघात होतो तेव्हा मेंदूला दोनदा मार बसतो. पहिला त्या क्षणी. पेशी फाटतात, रक्तवाहिन्या तुटतात. त्यावर जगात औषध नाही आणि होणारही नाही. दुसरा मार पुढच्या तासांत आणि दिवसांत बसत राहतो. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं, ते शेजारच्या धडधाकट पेशींना नको इतकं चेतवतं, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं, पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा बंद पडते. मेंदू सुजतो. पोट सुजलं तर पुढे येतं, पाय सुजला तर चप्पल बसत नाही, पण कवटी हाडाची पेटी आहे, ती ताणत नाही. आतला दाब वाढतो आणि दाब वाढला की ताजं रक्त आत शिरत नाही. म्हणजे आदळल्यावर जे वाचलं होतं तेही जायला लागतं. हा दुसरा मार एखाद्या रसायनाने अडवता आला तर? गेली चाळीस-पन्नास वर्षं शास्त्रज्ञ या प्रश्नामागे आहेत आणि प्रश्न रास्तच आहे.

उत्तरं मात्र एकेक करून पडली. त्यातलं एक पडणं प्रत्येक डॉक्टरला आणि माझ्यासारख्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असायला हवं.

ते स्टेरॉइडचं. मेंदूत गाठ असते तेव्हा भोवतालची सूज स्टेरॉइडने झपाट्याने उतरते, हे १९६० च्या दशकापासून माहीत होतं. मग डोक्याच्या मारात सूज येते तिथेही देऊ, असा विचार झाला. तर्काला धरून होता. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या अनेक हॉस्पिटलांत स्टेरॉइड दिलं गेलं. छोट्या-छोट्या चाचण्या झाल्या, त्यांतून ना धड हो निघालं ना नाही. शेवटी लंडनच्या एका सार्वजनिक आरोग्य संस्थेतले इयन रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी 'क्रॅश' नावाची चाचणी उभी केली. वीस हजार पेशंट घ्यायचे, निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि कोणाला काय मिळालं हे उपचार करणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. ४९ देशांतली २३९ हॉस्पिटलं त्यात आली. २००४ मध्ये १०,००८ पेशंटवरच चाचणी थांबवावी लागली. स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले होते, सलाईन मिळालेल्यांत १७.९ टक्के.

फरक ३.२ टक्क्यांचा. म्हणजे साधारण दर ३१ पेशंटमागे एक जास्तीचा मृत्यू, आणि तोही वाचवायला म्हणून दिलेल्या औषधाने. आयसीयूतल्या एकट्या डॉक्टरला हे कधी दिसलंच नसतं. त्याच्यासमोर डोक्याला जबर मार लागलेला माणूस दगावतो तेव्हा तो म्हणतो, मारच मोठा होता. तो वाचतो तेव्हा म्हणतो, औषध लागू पडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण श्रेय कावळ्याला देतो. दहा हजार फांद्या मोजल्या तेव्हा कुठे कळलं की कावळ्याचा काही संबंध नाही, उलट तो फांदी कुरतडतो आहे.

म्हणूनच "अहो, फायदा नाही झाला तरी तोटा काय?" या वाक्याची मला भीती वाटते. आपल्याकडे सिटिकोलिनच्या बाजूने हेच वाक्य सर्वांत जास्त वेळा बोललं जातं. तोटा नाही हे कोणी मोजलं होतं? स्टेरॉइडच्या बाबतीत मोजेपर्यंत तीन दशकं गेली.

प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बायकांच्या शरीरातल्या एका संप्रेरकाची, कथा वेगळी आहे आणि जास्त हळहळ लावणारी. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले डोनाल्ड स्टाइन यांना दिसलं की मेंदूला इजा केलेल्या उंदरांत माद्या नरांपेक्षा बऱ्या सावरतात. त्या माणसाने हा धागा कित्येक वर्षं सोडला नाही. २००७ मध्ये शंभर पेशंटवरच्या छोट्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण औषधाच्या गटात १३ टक्के आणि दुसऱ्या गटात ३० टक्के निघालं. असा आकडा पाहून कोणाचंही डोकं फिरेल. माझ्यासारख्याने तर दुसऱ्या दिवशी स्टॉक भरला असता. पण तिथे तसं झालं नाही. दोन मोठ्या चाचण्या घेतल्या गेल्या, एक ८८२ पेशंटची, दुसरी ११९५ पेशंटची. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्हींचे निकाल एकत्रच प्रसिद्ध झाले. पहिलीत चांगला परिणाम औषधाच्या गटात ५१ टक्के, बिनऔषधाच्या गटात ५५.५ टक्के. दुसरीत ५०.४ आणि ५०.५. काहीच नाही. शंभर जणांत दिसलेला चमत्कार दोन हजारांत विरघळून गेला.

बाकीच्यांची यादी भराभर सांगतो. मॅग्नेशियम, निमोडिपिन, डेक्सानाबिनॉल, एरिथ्रोपोएटिन, शरीर थंड करणं. एकानेही मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा सिद्ध केला नाही.

आता त्या चिठ्ठीवरच्या खालच्या तिघांकडे येऊ.

सिटिकोलिनची अमेरिकेत चाचणी झाली. आठ मोठी ट्रॉमा केंद्रं, १२१३ पेशंट, रोज दोन ग्रॅम असं नव्वद दिवस. २०१२ मध्ये निकाल आला. सुधारणा औषधाच्या गटात ३५.४ टक्के, दुसऱ्या गटात ३५.६ टक्के. त्याच वर्षी पक्षाघातासाठीची २२९८ पेशंटची चाचणीही तशीच कोरडी गेली. 'पुरावा अजून आलेला नाही' असं सिटिकोलिनबद्दल म्हणता येत नाही. पुरावा आला आणि तो 'उपयोग नाही' असा आला. अमेरिकेत ते औषध म्हणून मान्यच नाही, पूरक आहार म्हणून मिळतं. आपल्याकडे ते आयसीयूच्या चिठ्ठीवर असतं, अनेकदा पायरासेटम या आणखी एका औषधाशी जोडी लावून, आणि पेशंट घरी गेल्यावर गोळ्यांच्या रूपात तीन महिने, सहा महिने चालू राहतं. माझ्याकडे असे नातेवाईक येतात ज्यांच्या माणसाला अपघात होऊन दीड वर्ष झालं. गोळी कोणी बंदच केली नाही, कारण बंद करा असं कोणी म्हणालंच नाही.

एडाराव्होन जपानमध्ये २००१ मध्ये पक्षाघातासाठी आलं, अमेरिकेत २०१७ मध्ये एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजारासाठी मान्य झालं. डोक्याच्या मारासाठी दोन्हीकडे नाही.

आणि सेरेब्रोलायसिन. ते डुकराच्या मेंदूपासून बनवतात. मेंदूतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून त्यांचं इंजेक्शन. डोक्याच्या मारावरच्या त्याच्या अनुकूल चाचण्या लहान आहेत, आणि छोट्या चाचणीचं काय होतं ते प्रोजेस्टेरॉनने दाखवलं आहे. पक्षाघातावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मृत्यू टळल्याचं दिसलं नाही, उलट जीव न घेणारे पण गंभीर असे दुष्परिणाम वाढत असावेत असं निघालं. हे वाचलं त्या रात्री मला त्या काकांच्या गळ्यातली माळ आठवली. पंढरीच्या वाटेवरचा माणूस, घरात कांदा-लसूणही मोजून येत असेल. त्याने उसने काढून आणलेल्या पैशांतून मी त्याच्या पोराच्या शिरेत काय घालायला दिलं ते त्याला सांगितलं नाही. जीव वाचत असता तर त्यानेही हरकत घेतली नसती, मी त्याला तेवढं ओळखतो. पण विचारलं तरी असतं की नाही?

उंदरांत चालणारं औषध माणसांत का चालत नाही, हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांना मी आमच्या गावच्या पेशंटचा प्रवास सांगतो. प्रयोगशाळेतले उंदीर एका वयाचे, एका वजनाचे. सगळ्यांना मोजून एकाच जागी, एकाच जोराचा ठोका दिलेला. पंधरा-वीस मिनिटांत औषध पोटात. आमचा पेशंट रात्री आठला ट्रॉलीवर आदळतो. कोणी मद्य घेतलेलं असतं, कोणी साठीचा असतो आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतो. एकाच्या कवटीखाली रक्त साचलेलं, दुसऱ्याच्या मेंदूचे धागेच ताणून तुटलेले, तिसऱ्याला दोन्ही. आधी लोक जमतात, व्हिडिओ काढतात. मग कोणीतरी जीपमध्ये घालून गावच्या दवाखान्यात नेतं. तिथून ग्रामीण रुग्णालय. तिथे रात्री स्कॅन नसतं, म्हणून 'वर न्या'. स्कॅन दुसऱ्या गावात, न्यूरोसर्जन तिसऱ्या. औषध शिरेत जाईपर्यंत रात्रीचा एक वाजलेला असतो. ज्या रसायनाला पहिल्या अर्ध्या तासात अडवायचं ते तोवर आपलं काम उरकून गेलेलं असतं. अशा दहा वेगवेगळ्या दुखापतींना 'डोक्याचा मार' हे एकच नाव देऊन एकच अँप्युल टोचायची आणि फरक पडेल म्हणायचं, हे मुळातच अवघड होतं.

मग काहीच करायचं नाही का? इथेच माझा खरा राग आहे. करण्यासारखं बरंच काही आहे, फक्त ते अँप्युलमध्ये येत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या ७१७ गंभीर पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत ज्यांचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं. एकदा जरी! पुढे अ‍ॅरिझोना राज्याने रुग्णवाहिकेतल्या लोकांना तीन साध्या गोष्टी शिकवल्या. ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही, श्वासाची पिशवी घाईघाईने दाबायची नाही. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सगळे पेशंट एकत्र धरले तर फारसा फरक नव्हता, पण गंभीर मार लागलेल्यांत वाचण्याची शक्यता दुपटीवर गेली होती. नवं रसायन नाही, पेटंट नाही, कंपनीचा माणूस बॅग घेऊन येत नाही. एक मास्क, एक सलाईन, बोटाला लावायचा चिमटा आणि तो वाचता येणारा माणूस. मेंदूचं रक्षण करणारं औषध मला विचाराल तर ऑक्सिजन. पण ते लिहून दिल्याचं नातेवाईकांना दिसत नाही आणि त्यावर दहाला दोन फुकट अशी स्कीम नसते.

एक औषध मात्र आहे, आणि ते माझ्या दुकानात काउंटरपासून दोन हात अंतरावर आहे. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायका त्याच्या गोळ्या नेतात, रोज दोन-चार पाकिटं जातात. युद्धानंतरच्या जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी रक्त थांबवणारं काही सापडतंय का म्हणून शोध सुरू केला आणि १९६२ मध्ये हे औषध जगापुढे ठेवलं. मुलीला सांभाळायला कोणी नसायचं, म्हणून उताकोबाई तिला पाठीला बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. त्यांना हवी होती ती बाळंतिणींवरची मोठी चाचणी शेवटी झाली, वीस हजारांवर बायकांची. रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. निकाल आला २०१७ मध्ये. उताकोबाई २०१६ मध्येच गेल्या होत्या.

स्टेरॉइडचं पितळ उघडं पाडणाऱ्याच मंडळींनी मग हे औषध अपघाताच्या पेशंटमध्ये तपासलं. २०१० मध्ये २०,२११ जखमींवरच्या चाचणीत मृत्यू १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. पण वेळेत दिलं तरच. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. २०१९ मध्ये खास डोक्याच्या मारावरची तिसरी चाचणी आली, १२,७३७ पेशंटची. इथे मला जपून लिहायला हवं, नाहीतर मीही कंपनीच्या माणसासारखाच. तीन तासांच्या आत आलेल्यांत डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू १९.८ वरून १८.५ टक्के झाले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांत फरक स्पष्ट होता, ७.५ वरून ५.८. अगदी गंभीर पेशंटमध्ये काहीच नाही. २०२३ मधल्या आणखी एका चाचणीत अपघातातल्या गंभीर जखमींना रुग्णवाहिकेतच हे औषध दिलं, तेव्हा सहा महिन्यांनी धडधाकट जगणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलं नाही. म्हणजे हेही रामबाण नाही. शिवाय हे मेंदूच्या पेशींचं रक्षण करत नाही, फक्त कवटीत साचणारं रक्त आटोक्यात ठेवतं. पण फायदा कोणाला, किती आणि किती वेळात, हे आपण आकड्यांत सांगू शकतो. सिटिकोलिनबद्दल असं एक तरी वाक्य कोणी लिहून दाखवावं.

आता भावाची गंमत पाहा. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. आमचं मार्जिनही त्या हिशोबात १६ टक्के धरलेलं आहे. सिटिकोलिन त्या यादीत नाही, म्हणून त्याची किंमत कंपनी ठरवते आणि वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवूही शकते. यादीत का नाही? कारण ते अत्यावश्यक नाही. म्हणजे औषध जितकं बिनगरजेचं, तितकं ते महाग विकायला मोकळीक. ही तरतूद कोणी मुद्दाम वाईट हेतूने केलेली नाही हे मला समजतं, पण आयसीयूच्या दारात तिचा परिणाम असाच होतो. तिथे उभा असलेला बाप गरजेचं कुठलं, चैनीचं कुठलं हे ठरवू शकत नाही. तो फक्त चिठ्ठी घेऊन पळतो.

डॉक्टरांची बाजू मी रोज ऐकतो आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. एक सर्जन मला म्हणाले होते, "मी चार औषधं लिहिली तर लोकांना वाटतं, प्रयत्न केला. दोनच लिहिली आणि पेशंट गेला तर खालची काच फुटते." खरं आहे. मी काच फुटलेली पाहिली आहे. नातेवाईकही येऊन म्हणतात, "पैशाकडे बघू नका, चांगल्यातलं इंजेक्शन लिहा." आशा विकत मिळत असेल तर माणूस जमीन विकून घेतो. पण त्यावर उपाय आशेच्या बाटल्या भरून ठेवणं हा आहे का? त्या डॉक्टरला 'हे औषध आम्ही देत नाही, कारण शासनाच्या उपचारपद्धतीत ते नाही' असं म्हणायची सोय हवी. आज ती सोय नाही, म्हणून तो एकटा पडतो आणि पेन चालवतो. नियम झाला तर त्याचा आधी फायदा डॉक्टरलाच आहे.

चाचण्या परदेशातल्या आहेत, आपली माणसं वेगळी, असंही एक म्हणणं असतं. वेगळी असतील. पण मग वेगळ्या माणसांवर औषध चालतं हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, विकत घेणाऱ्याची नव्हे. आणि औषध परदेशातलं चालतं, पुरावा तेवढा परका होतो, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्राने एका फटक्यात ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. कोर्टकचेऱ्या झाल्या, समिती बसली आणि २०१८ मध्ये त्यातली ३२८ पुन्हा बंद झाली. माझ्या दुकानातली दोन खोकी तेव्हा परत गेली आणि आकाश काही कोसळलं नाही. तसंच या औषधांच्या कंपन्यांना मुदत द्यावी, की डोक्याच्या मारासाठी उपयोग होतो याचा पुरावा आणा, नाहीतर त्या कारणासाठी विकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पैशांतून त्यांचं बिल निघू नये. आणि रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवस, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली आहे. चांगली योजना आहे. पण त्या दीड लाखातले किती ऑक्सिजन, स्कॅन आणि शस्त्रक्रियेवर जाणार आणि किती अशा अँप्युलवर, हे आत्ताच ठरवलं नाही तर ते काउंटरवर ठरेल. काउंटरवर कसं ठरतं ते मी सांगितलंच आहे.

दुसरीकडे, १०८ च्या प्रत्येक गाडीत आणि महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड असावं. किती जणांना, अपघातानंतर किती मिनिटांनी दिलं, याची नोंद दर महिन्याला जाहीर व्हावी. औषध कपाटात असणं आणि तीन तासांच्या आत शिरेत जाणं यात आपल्याकडे फार मोठं अंतर असतं.

हेल्मेटबद्दल दोनच वाक्यं. अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला आकडा असा की हेल्मेटने मोटरसायकलस्वाराच्या डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्के आणि मृत्यूचा ४२ टक्के कमी होतो, आणि २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. तरी पुण्यात हेल्मेटविरोधी समित्या निघतात आणि आमच्या गावात हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं, नाका दिसला की डोक्यावर येतं.

आणखी एक राहिलं. सगळंच औषध फोल नाही, हे माझ्यासारख्यालाही वाचून बरं वाटलं. पार्किन्सनसाठीच्या अमांटाडिन या जुन्या, स्वस्त औषधाची २०१२ मध्ये १८४ पेशंटवर चाचणी झाली. मार लागून एक ते चार महिने झालेले, अजून पुरते भानावर न आलेले हे लोक. औषध चालू होतं त्या चार आठवड्यांत त्यांची सुधारणा जास्त वेगाने झाली. बंद केल्यावर वेग मंदावला. वेगच वाढला, शेवटचा पल्ला वाढला की नाही हे त्यातून ठरत नाही. पण त्या टप्प्यावर पेशंटला मुख्यतः लागतो तो फिजिओथेरपिस्ट, बोलायला शिकवणारा माणूस, घरातल्यांना समजावणारं कोणीतरी. तिथे पोहोचेपर्यंत घरातले पैसे संपलेले असतात. कशावर संपले ते मला माहीत आहे, बिलं माझीच असतात.

ते काका पुढे अकरा दिवस येत राहिले. उधारी त्यांनी कारखान्याचं बिल जमा झाल्यावर पूर्ण फेडली, शेवटच्या दोनशे रुपयांसाठी मुद्दाम एसटीने आले. मुलगा वाचला. उजवा हात उचलत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. इंजेक्शनांमुळेच एवढा तरी आला, असं काका म्हणाले. मी मान हलवली.

चिठ्ठीत बदल करायचा मला अधिकार नाही, आणि नसावाच. पण त्यानंतर कोणी गरजेचं कुठलं असं विचारलं, तर मी चिठ्ठीच्या मागे एक प्रश्न लिहून देतो आणि सांगतो, हे डॉक्टरांना दाखवा, मग औषधं न्या. प्रश्न असा असतो: 'यातलं कुठलं दिलं नाही तर पेशंटचं नुकसान होईल?' समोरच्या हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला. पहिल्यांदा आवाज चढलेला होता. दुसऱ्यांदा त्याच डॉक्टरांनी विचारलं की त्या बाराशे पेशंटच्या चाचणीचं नाव काय. मी सांगितलं. सिटिकोलिन अजून येतं चिठ्ठीवर. सेरेब्रोलायसिन यायचं थांबलं आहे. माझ्याकडे त्याचे तीन खोके पडून आहेत, होलसेलर परत घ्यायला तयार नाही, आणि एक्स्पायरी मार्चची आहे.